मोटरी देवळात ठेवल्या ते वर्ष

आमच्या गल्लीत बारा घरं होती आणि बारा मोटरी. मोटर म्हणजे पाण्याची, आणि तीही विहिरीवरची नव्हे, थेट नळाला जोडलेली. नळाला पाणी येतं ते आपल्या वजनानं येतं. मोटर लावली की ते खेचलं जातं, आणि जो खेचतो त्याच्या पुढच्या घरात नळातून नुसती हवेची शिट्टी वाजते. हे बेकायदा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिवंडीत धामणकर नाक्यावरचा दुकानदार मोटर देताना सांगायचा, "नळाला लावू नका हां," आणि त्याच दमात विचारायचा, "नळ अर्धा इंची की पाऊण?"

आमचं गाव शेलारच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत. गाव म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. माझ्या लहानपणी जिथे भाताची खाचरं होती तिथे आता निळ्या पत्र्याची गोडाऊनं आहेत, आणि आमच्या गल्लीच्या पाठीला लूमची एक लांबलचक शेड आहे. तिचा खडखडाट आम्हांला ऐकू येत नाही; थांबला की ऐकू येतो. जिल्ह्यात धरणं आहेत, मुंबईला पाणी नेणारे, माणूस आत उभा राहील एवढे नळ आमच्याच तालुक्यातून जातात. आम्हांला मात्र एक दिवसाआड, सकाळी, पाऊण तास. टेकाडावर गावाची टाकी आहे. तिथून निघालेली लाईन गल्लीत शिरते ती माझ्या चुलतभावाच्या घराशी आणि संपते ती एका निवृत्त शिक्षिकेच्या घराशी. त्यांना सगळे बाई म्हणतात. माझं घर त्यांच्या आधीचं, म्हणजे अकरावं.

मी कशेळीला एका गोडाऊनमध्ये अकाउंट बघतो. आलेला माल आणि गेलेला माल यांचा मेळ घालणं हे माझं काम. मेळ बसला नाही तर मला जेवण जात नाही. गल्लीतले लोक मला यावरून हसतात, हसू देत.

तर मोटरी. पहिली कुणी आणली यावर गल्लीत एकमत नाही. एकानं अर्ध्या हॉर्सपॉवरची बसवली, म्हणून दुसऱ्यानं पाऊणची, म्हणून तिसऱ्यानं एकची. शेवटी शेवटी पहिल्या चार घरांच्या टाक्या वाहून गटारात पाणी जायचं आणि आम्ही दोघं टोकाचे, मी आणि बाई, हंडा लावून शिट्टी ऐकत बसायचो. माझी मोटर पाणी नसल्यानं गरम होऊन बंद पडायची. ती बंद पडली की बायको तिच्यावर ओला फडका टाकायची, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर टाकावा तसा.

सूनबाई कल्याणची. भिवंडीतल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं पाण्याबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता. मग नात झाली. दिवाळीनंतरच्या एका सकाळी बादलीभर लंगोट भिजवलेले, मोटर बंद पडलेली, आणि तिची ड्युटीची वेळ झालेली. ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, मला या घराचा राग नाही. मला या नळाचा राग आहे."

त्या संध्याकाळी मुलानं सांगितलं, की कल्याणला एक फ्लॅट बघून ठेवलाय. भाड्याचा आहे, पण चोवीस तास पाणी.

वरचा मजला मी त्यांच्यासाठी बांधला होता. बांधताना प्रत्येक खिडकी कुठे, हे मुलाला विचारून ठरवलं होतं. मी त्याला एवढंच म्हणालो, "पोरीच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबा. तोवर मी काहीतरी करतो." वाढदिवस मे महिन्यात होता. मुलगा बायकोकडे बघत राहिला. ती म्हणाली, "ठीक आहे पप्पा. मे."

मी काय करणार होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मी बादली भरायला लागणारा वेळ मोजायला लागलो. आमच्या घरी मोजला, बाईंच्या घरी मोजला, वरच्या अंगाच्या घरी चहाच्या निमित्तानं जाऊन मोजला. टाकी केवढी, लाईन केवढी, तेही बघितलं. पुन्हा पुन्हा तेच उत्तर येत होतं. पाणी कमी नव्हतं. ओढाताण जास्त होती.

मग मी दादाकडे गेलो. हा माझा चुलतभाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. माझे वडील गेल्यावर माझ्या लग्नाची बोलणी त्यानंच केली. मला खाडीत पोहायला शिकवलं तेही त्यानंच, पाठीला डबा बांधून. गावदेवीच्या पालखीचा पहिला मान त्याच्या घराचा, देवळामागच्या खोलीची किल्ली त्याच्या घरात. गल्लीत कुणाचं लग्न असो की भांडण, दादा आल्याशिवाय ते सुरू होत नाही आणि मिटत नाही.

"दादा, पानी कमी न्हाय," मी सांगितलं. "सगळ्यांनी मोटर बंद ठेवली तर शेवटच्या घराला पन येल."

"ठेवतील का?"

"तू सांगितलंस तर ठेवतील."

तो हसला. "एक दिवस बंद ठेवू. तुझा हिशोब चुकला तर गल्लीला मटण तुझं."

पाणी यायच्या सकाळी तो गल्लीच्या मधोमध लुंगीवर उभा राहिला आणि एकेका घराकडे बोट दाखवून मोटरीचं बटण बंद करायला लावलं. पाणी आलं. आमच्या नळाला आधी थोडं गढूळ आलं, मग स्वच्छ, आणि थांबलंच नाही. माझ्या घरी नऊ हंडे भरले. बाईंच्या घरीही नऊ. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एवढं पाणी माझ्या नळाला शेवटचं आलं तेव्हा माझे केस काळे होते."

संध्याकाळी सगळे देवळात जमले. टेम्पो चालवणारा एक शेजारी आहे, त्याचं घर माझ्या समोर. तो म्हणाला, "आज बंद ठेवली, झ्याक. परवा माझ्याच बायकोनं चालू केली तर मी काय पोलीस बोलवू?"

त्याची बायको मागून म्हणाली, "माझं नाव कशाला? तुम्हीच चालू कराल आणि माझ्यावर ढकलाल."

हसं झालं. पण मुद्दा खरा होता. बटण घरात आहे तोवर भरवसा कुणाचा? तेव्हा दादा म्हणाला, "मोटरी काढा. देवळामागच्या खोलीत ठेवा, देवीच्या ताब्यात. कुलूप लावतो. लागली कुणाला तर देवीला विचारून न्यावी."

हे दुसऱ्या कुणी सुचवलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. दादानं सुचवलं म्हणून नारळ आला. एकेकानं नारळाला हात लावून शब्द दिला. बाई बौद्ध. त्या म्हणाल्या, "मी देवीची शपथ घेणार नाही. माझी मोटर घ्या, आणि माझा शब्द घ्या."

"बाईंचा शब्द म्हंजे नारळच," दादा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मला बोलायला सांगितलं. मी भाषण करणारा माणूस नाही. मी एवढंच म्हणालो, की मोटरी नसतील तर पाणी पुरून उरेल.

दुसऱ्या दिवशी बारा मोटरी देवळात गेल्या. कुणी डोक्यावर, कुणी गोणपाटात, टेम्पोवाल्यानं टेम्पोतून, पंधरा पावलांसाठी. तोच म्हणाला, "देवी म्हणत असंल, एवढा नैवेद कधी आला न्हवता, तो पन लोखंडाचा."

ती थंडी मला आठवते ती पाण्याच्या आवाजानं. एक दिवसाआड सकाळी बाराच्या बारा घरांत हंडे भरल्याचा आवाज यायचा, आणि मध्ये मोटरीची घरघर नसायची. लोक नळ सुरू असताना ओट्यावर येऊन गप्पा मारायला लागले. आमच्याकडे ड्रम भरून वर बादल्या उरायच्या. सूनबाई सुट्टीच्या दिवशी नातीला टबात बसवून अंघोळ घालायची, आणि नात पाण्यावर थापट्या मारायची, तेव्हा कुणी "पाणी सांडू नको" म्हणायचं नाही. एकदा जेवताना मुलगा म्हणाला, की कल्याणचा तो फ्लॅट दुसऱ्याला गेला. मी विचारलं, "मग दुसरा बघतोयस?" तो म्हणाला, "कशाला?" सूनबाईनं मान खाली घालून भाकरी मोडली, पण ती हसत होती. मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

शिमग्यानंतर पाणी कमी व्हायला लागलं. नऊचे सात झाले, मग सहा. उन्हाळ्यात टाकीतच कमी येतं, हे धरूनही मेळ बसत नव्हता. टाकीची पातळी मी टेकाडावर जाऊन बघून आलो होतो. ती एवढी उतरली नव्हती. एप्रिलच्या सुरुवातीला चार हंड्यांवर आलं. बाईंकडे तीन.

"कुणीतरी दुसरी मोटर आनलीय," टेम्पोवाला म्हणाला. एकदा हे वाक्य बोललं गेलं, आणि गल्ली बदलली. लोक पाणी यायच्या वेळी शेजारच्या भिंतीला कान लावायला लागले. लूमच्या आवाजात मोटरीची घरघर वेगळी काढता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक भिंतीतून ती ऐकू यायची. ओट्यावरच्या गप्पा बंद झाल्या. आमच्याकडेही कुणीतरी कान लावत असणार. माझ्या बायकोला मोरीच्या भिंतीमागून एकदा खोकल्याचा आवाज आला.

मग एक दिवस टेम्पोवाल्याची बायको गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शपथ कुनी घेतली न्हवती, ते काय कुनी इसरलं न्हाय."

बाईंनी दार सताड उघडलं. "या," त्या म्हणाल्या. "मोरी बघा, माळा बघा, कपाट बघा. चपला तेवढ्या बाहेर काढा."

मी म्हणालो, "अरे, त्यांच्याकडे सगळ्यांत कमी पाणी येतं, त्या कशा खेचतील?" पण हिशोब ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. तिघे आत गेलेच. त्यांत दादाही होता. तो स्वतः वाकून मोरीच्या कट्ट्याखाली बघून आला, बाहेर येऊन हात झटकले आणि जाहीर केलं, "काय न्हाय. बाई साफ हायत."

बाईंनी त्यांच्या मागे फरशी पुसून घेतली. फडका पिळलेलं पाणी त्यांनी कुंडीत घातलं. सांडायला त्यांच्याकडे पाणी नव्हतंच.

घरी आलो तर सूनबाई मोबाइलवर काहीतरी बघत होती. मी आल्यावर तिनं तो उलटा ठेवला. मला कळलं. महिनाभर उरला होता.

शुक्रवारी लूम बंद असतात. विजेच्या दुरुस्तीची कामंही मग शुक्रवारीच काढतात. अशाच एका शुक्रवारी सकाळी वीज गेली, आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. लूमचा आवाज नाही, पंख्याचा नाही, कुणाच्या टीव्हीचा नाही. मी नळाखाली हंडा लावून बसलो. त्या दिवशी गल्लीत कुणाकडे दहा मोटरी लपवलेल्या असत्या, तरी एकही चालू शकली नसती.

चारच हंडे भरले.

"कुणी चोरत नाहीये," मी बायकोला सांगितलं.

"मग पाणी जातं कुठं?"

"गल्लीत यायच्या आधीच जातंय."

मी चपला घातल्या आणि लाईनीच्या कडेनं वर चालत गेलो. दादाच्या अंगणाशी पोचलो तेव्हा आमच्याकडचं पाणी नुकतंच गेलं होतं. गल्ली एवढी शांत मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, दादाच्या कुंपणाजवळच्या लोखंडी झाकणाखालून, पाणी जोरात वाहत असल्याचा आवाज येत होता.

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. "काय भावजी, आज सकाळीच? च्या टाकू?"

"वहिनी, तुमचा नळ चालू राहिलाय का?"

"न्हाय वो. आमचं कवाच भरलं."

"मग हा आवाज कशाचा?"

"त्यो? गोडाऊनच्या लाईनीचा," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "तुम्हांला म्हाईत न्हाय? हे तर म्हनाले, भावजींनीच हिशोब काढून दिला, एवढं पानी जास्तीचं हाय म्हनून."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा हात सुपात थांबला. "तुम्हांला म्हाईत न्हवतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. विचारत नव्हत्या.

दादाच्या घरामागे, त्याच्याच पूर्वीच्या शेतावर, एक मोठं गोडाऊन उभं राहिलंय. शेकडो माणसं तिथे शिफ्टमध्ये काम करतात, त्यांचे संडास आहेत, कॅन्टीन आहे. त्यांची बोअर आटली होती. दादाचा मुलगा तिथेच थंडीत सुपरवायझर लागला, हे मला माहीत होतं. मीच त्याचं तोंड गोड केलं होतं. हेही आठवलं, की मोटरी देवळात गेल्यावर थोड्याच दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणला होता. इंटरनेटची केबल टाकतायत, असं दादा म्हणाला होता. खणणाऱ्या मजुरांना माझ्या बायकोनं चहा नेऊन दिला होता.

मोटरी खेचत असत्या तर गोडाऊनला दिलेल्या त्या जोडाला फारसं पाणी मिळालं नसतं. आम्ही त्या काढून दिल्या, लाईन शांत झाली, पाण्याला सारखा जोर आला. मग गल्लीच्या तोंडाशी जो बसला, त्याला हवं तेवढं.

दादा मागच्या दारानं आला. मला बघून त्यानं आधी वहिनींकडे बघितलं, मग खाट ओढून बसला.

"तूच म्हनालास, पुरून उरेल," तो म्हणाला. "उरलेलं दिलं."

"माझ्याकडं चार हंडे येतात, दादा. बाईंकडं तीन. हे उरलेलं हाय?"

"थंडीत उरत होतं का न्हाय? उन्हाळ्यात कमी आलं त्याला मी काय करू? धरन माझं हाय?"

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हनाला असतास."

हे तो अगदी सरळपणे म्हणाला. मग मी विचारलं, "बाईंच्या मोरीखाली वाकून काय शोधत होतास?"

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं तोंड पुसलं आणि मग वेगळ्या आवाजात म्हणाला, "तू पन गोडाऊनचंच खातोस ना? तुमच्या कशेळीच्या गोडाऊनला पानी कुटून येतं, कधी इचारलंस?"

मी कधीच विचारलं नव्हतं. तिथे नळ उघडला की पाणी येतं. मी हात धुतो आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसतो.

संध्याकाळी मी देवळासमोर सगळ्यांना बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. दादा समोरच होता. त्यानं नाकारलं नाही. "व्हय, जोड दिलाय," म्हणाला, आणि माझ्याकडे हात केला. "हिशोब ह्याचा."

मला वाटलं होतं, लोक भडकतील. खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी भीती वाटत होती, की दादाला काही बोलू नयेत, हात उचलू नयेत. मी त्यासाठी पुढे उभा राहिलो होतो.

पहिला बोलला तो टेम्पोवाला. "ते जाऊं दे. आमच्या मोटरी द्या आदी."

"हां, मोटरी द्या," आणखी दोघे म्हणाले.

बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "जोड तोडायचा की नाही, ते आधी बोला." कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या घरात शिरलेल्यांपैकी एक जण तर दादाच्या जवळ सरकून म्हणाला, "दादा, आमच्या पुतण्याला पन तिकडं चिकटवा की. बारावी झालाय." दादानं मान हलवली, बघू म्हणून. आणि तेवढ्यानं सभा संपल्यासारखी झाली. खोलीचं कुलूप निघालं. लोक आपापली मोटर ओळखून उचलायला लागले, फडक्यानं धूळ पुसायला लागले. टेम्पोवाला माझ्याजवळून जाताना थांबला. "वाईट वाटून घेऊ नका, भाऊ, पन हिशोब तुमचाच होता."

ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "तुमच्या घरातलंच प्रकरण आहे. भाऊ-भाऊ आहात. आपसात मिटवा."

पुढच्या पाण्याच्या सकाळी गल्लीत पुन्हा मोटरी सुरू झाल्या. माझी मात्र मी जोडली नाही. बाईंनीही नाही.

नातीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात दादा आमच्याकडे आला. बायकोनं त्याला चहा दिला. तो इकडचं तिकडचं बोलला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "पोरं चाललीत म्हनं कल्यानला. कशाला? त्या गोडाऊनच्या लाईनीतनं तुला एक पाईप काढून देतो. कुंपनाच्या मागनं आनू, कुनाला कळायचं न्हाय. ड्रम काय, वरची टाकी भरंल. रोज. आता बोल."

सूनबाई नातीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "मोठे पप्पा, मग बाईंकडे किती येईल?"

"बाई एकट्या हायत," दादा म्हणाला. "त्यांना लागतंय किती?"

मी लगेच नाही म्हणालो नाही. तसं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या डोक्यात तो पाईप कुंपणामागून आला, मोरीत शिरला, टाकी भरली, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्याच राहिल्या आणि जिन्यावर नातीची पावलं वाजली. मेळ बसत होता. इतका चांगला मेळ मी फार दिवसांत बघितला नव्हता.

"न्हाय, दादा," मी म्हणालो.

"घ्या की हो," बायको म्हणाली. दादासमोर ती कधी माझ्यावर बोलली नव्हती. "घ्या. एकदा तरी घ्या. सगळ्यांनी घेतलं, आपणच राहिलो."

"न्हाय."

"कुणासाठी न्हाय?" तिनं विचारलं. "ज्यांनी सगळं खापर तुमच्यावर फोडलं त्यांच्यासाठी?"

दादानं कप खाली ठेवला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लहानपणी खाडीत मी हात-पाय न मारता बुडायला लागलो की तो असंच बघायचा, आता ओरडावं की ओढून काढावं अशा नजरेनं. मग उठून गेला. बायको आत गेली. सूनबाई माझ्याशेजारी येऊन ओट्यावर बसली आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. पाच-दहा मिनिटं बसली.

ती गेलीच. तिनं मे म्हटलं होतं, आणि ती शब्दाची पक्की आहे. केक इथे कापला, गल्लीत सगळ्यांना वाटला, दादाच्या घरीही पाठवला. सामान टेम्पोवाल्याच्या टेम्पोतून गेलं. नातीचा पाळणा दोऱ्यांनी बांधताना तो म्हणाला, "कल्यान काय लांब हाय, भाऊ? उगाच तोंड पाडून बसू नका." मुलगा त्याच्याशेजारी बसला. खालची मोरी मी सकाळीच धुऊन घेतली होती, कारण नंतर धुवायला पाणी राहिलं नसतं.

बायको अजून माझ्याशी गरजेपुरतंच बोलते. तिचं म्हणणं मला कळतं. भावाला वाचवायचं होतं तर भावाला वाचवायचं, गल्लीला धरायचं होतं तर गल्लीला धरायचं, आणि नातीला ठेवायचं होतं तर नातीला ठेवायचं. माझ्या हाती यांतलं काहीच आलं नाही. दादा रस्त्यात भेटला की विचारतो, "कसा हायस?" मी म्हणतो, "बरा." त्याला ते पुरतं.

सूनबाई रविवारी फोन करते. आधी बायकोशी बोलते, मग माझ्याशी.

"पप्पा, पाणी येतंय का?"

"येतं."

"किती?"

"दोन हंडे."

"मग कसं करता?"

"आता काय, दोघांना पुरतात," मी म्हणतो.

ती फोन नातीच्या कानाला लावते, आणि नात पलीकडून नुसती श्वास घेत राहते.